माणसागणिक आवाज

आमच्या ह्यांच्या आधी लोणावळ्याच्या मंडळीला जे पाळकसाहेब होते, ते सगळ्यांना एकाच काठीने हाकायचे. रेल्वेतला फिटर असो की टाकव्याकडचा शेतकरी, उपासनेची घंटा झाल्यावर जो येईल त्याला दाराबाहेर उभं करायचे. फिटर मुकाट्याने उभा राहायचा, कामावर त्याला तीच सवय होती. शेतकऱ्याचं तसं नव्हतं. अंधारात उठून, वडगावपर्यंत चालत येऊन, तिथून गाडी धरून तो आलेला असायचा. दारातूनच सलाम करून तो माघारी फिरायचा आणि पुढच्या रविवारी यायचाच नाही. असं करत करत मावळातल्या वस्तीवरची निम्मी घरं तुटली. मग मिशनने त्या पाळकांना घाटाखाली पाठवलं आणि त्यांच्या जागी आम्हाला आणलं.

आमचे हे अगदी उलट. त्यांच्याकडे माणसागणिक वेगळा आवाज होता. मंडळीचे पंच बहुतेक रेल्वेतले. त्यांच्याबरोबर बैठकीला बसले की खिशातलं घड्याळ काढून टेबलावर ठेवायचे आणि चटाचट विषय संपवायचे. "कुणाची हरकत? नाही. पुढे चला." पंच खूश. तेच गृहस्थ टाकव्याकडच्या वस्तीवर गेले की घोंगडीवर मांडी घालून बैलाच्या खुरापासून सुरुवात करायचे. चहा व्हायचा, भाताच्या रोपांची चौकशी व्हायची, कुणाची लेक माहेरी आली का ते विचारून व्हायचं आणि उन्हं कलली की मूळ गोष्ट निघायची. तीसुद्धा हे काढायचे नाहीत. बोलण्याला अशी काही वळणं द्यायचे की शेवटी वस्तीतले म्हातारे आबाच म्हणायचे, "आसं केलं तर?" लगेच हे म्हणायचे, "आबा, तुम्ही म्हणता तर तसंच करू." परतीच्या गाडीत मला सांगायचे, "काय करायचं ते मी घरूनच ठरवून गेलो होतो." त्या वेळी त्यांच्या तोंडावर जे हसू असायचं ते मला मुळीच आवडायचं नाही, हे आताच सांगून टाकते.

तुटलेली घरं परत आली, एवढं मात्र खरं. वस्तीवरच्या बायका मला म्हणायच्या, "लय ग्वाड मानूस हाय तुमचा, बाई." घाटाखालचे आणि पार नगरकडचेही पाळक मुद्दाम येऊन मंडळी कशी सांभाळावी ते ह्यांना विचारायचे. हे पाय पसरून सांगायचे, "मेंढपाळ एक असला तरी मेंढरं सगळी सारखी नसतात. एकीला शीळ घालावी लागते, एकीला दगड मारावा लागतो, एकीच्या नुसतं पुढे चालावं लागतं." पाहुणे माना डोलवायचे. मी आत चहा गाळत असायची. माझे वडीलही उपदेशक होते, गावातल्या शाळेत मास्तर होते, आणि तिरसट म्हणून प्रसिद्ध होते. ते म्हणायचे, ज्याला कुणाचाच वाईटपणा घेता येत नाही त्याच्या हाती कळप देऊ नये. लग्नाआधी त्यांनी हे माझ्यापाशी बोलायला हवं होतं.

आमच्या मंडळीत एक सांधेवाला होता. स्टेशनच्या यार्डात रुळांचे सांधे बदलून गाडी एका मार्गावरून दुसऱ्या मार्गावर घालायची, घाटासाठी जोडायची-सोडायची इंजिनं इकडची तिकडे करवायची, हे त्याचं काम. मूळचा टाकव्याकडच्या त्याच वस्तीचा, पण मिसरूड फुटण्याच्या वयात रेल्वेत लागला आणि तेव्हापासून चाळीतल्या क्वार्टरात राहिला. पन्नाशीला टेकलेला, अंगाने सुकलेला, बोलायला तिखट. भजनात ढोलकी तो वाजवायचा. त्याच्यासाठी ह्यांनी थट्टेचा आवाज ठेवला होता. हे म्हणायचे, "आज ढोलकी वाजवणार की नुसतीच बडवणार?" तो म्हणायचा, "सायेब, तुमी नीट गा, मंजे मी नीट वाजवीन." सगळं देऊळ हसायचं. त्या दोघांत सरळ बोलणं असं कधी झालंच नाही. कुणालाही वाटावं की फार जवळीक आहे.

बाजारात मशिदीच्या अंगाला एका मुसलमान शिंप्याचं दुकान होतं. घराणं पिढ्यान् पिढ्या मावळातलं, दुकानात आणि घरात मराठीच. मिशनच्या शाळेतल्या मुलींचे झगे मी त्यांच्याकडे टाकायची आणि त्यांना चाचा म्हणायची. पावसाळ्याच्या तोंडी एकदा झगे आणायला गेले तर चाचा हसत म्हणाले, "पाळकीणबाई, तुमचा ढोलकीवाला भारी इरसाल. परवा दारात येऊन उभा राहिला आणि खुंटीवरच्या कोटाला वाकून सलाम केला. म्हणतो कसा, चाचा, आज उभ्यानंच शिवताय व्हय? गिऱ्हाइकं पोट धरून हसली." मीही हसले. चाचांनी झग्यांची घडी घातली, ती पुन्हा मोडली आणि पुन्हा घातली. मग आवाज खाली आणून म्हणाले, "मी मागे मशीनवर होतो. मी बोललो तेव्हा तो दचकला, बाई. थट्टा करणारा माणूस दचकत नाही."

त्या दिवसापासून माझं त्याच्याकडे लक्ष लागलं, आणि एकदा लक्ष लागल्यावर काही लपेना. देवळाच्या पायरीवर तो पाय उचलून टाकत नसे, घासत नेऊन टाकायचा. बसताना हात आधी बाकावर फिरवायचा. आणि त्याची ती थट्टा! दारातून शिरणाऱ्या प्रत्येकाला तो काहीतरी टोमणा मारायचा. टोमणा मारला की माणूस हसतो, उलट बोलतो, आणि हसण्यावरून, आवाजावरून कोण आलं ते कळतं. टोमणा मारेपर्यंत तो कुणालाच नावाने हाक मारत नसे. 

एका बुधवारी बायकांची प्रार्थना संपल्यावर सगळ्या गेल्या, पण त्याची बायको सतरंज्यांच्या घड्या घालत मागे राहिली. अबोल बाई. सगळ्या घड्या घालून झाल्या तरी जाईना. मी म्हटलं, "काय गं, काय झालं?"

ती म्हणाली, "बाई, त्यांला दिसत न्हाई."

मग तिने सगळं सांगितलं. गेल्या पावसाळ्यापासून दोन्ही डोळ्यांवर पडदा येत होता. आधी धुरकट, मग नुसत्या सावल्या. रेल्वेच्या डॉक्टरची तपासणी झाली तेव्हा रांगेत पुढच्याने जे सांगितलं ते ऐकून त्याने तेच सांगितलं आणि सुटला. मी विचारलं, "मग काम कसं करतात?"

"कानानं," ती म्हणाली. "समदा यार्ड पायाला म्हाईत हाय. कंची गाडी कुटनं येतीय ते कानाला कळतं. पर आता ती विजेची आलीत न्हवं का."

विजेची इंजिनं तेव्हा आमच्याकडे नवी होती. रुळांवर तारा आल्या होत्या आणि धूर जाऊ लागला म्हणून आम्ही बायका खूश होतो, धुणं काळं होत नव्हतं. धुराचं इंजिन लांबून धापा टाकत यायचं, लहान मूलसुद्धा बाजूला व्हायचं. विजेचं इंजिन घाट चढताना घुमायचं खरं, पण यार्डात उतारावरून सुटलं की मांजरासारखं येऊन उभं राहायचं. ती सांगत होती आणि मला आमच्या स्वच्छ धुण्याची लाज वाटत होती.

"सायबांनी त्यांला समजवावं," ती म्हणाली. "लेकीचं लगीन नाताळ झाल्यावर हाय. क्वार्टरातनं लगीन करीन, मंग बगू, म्हन्त्यात. मला शपत घातलीया. त्यांनी सोताहून जाऊन सांगितलं तर टेशनमास्तर गेटावर न्हाईतर झाडलोटीवर घेत्यात, क्वार्टर बी ऱ्हातं. दुसऱ्या कुनी सांगितलं तर लबाडी केली म्हून काडून टाकत्यात. सायबांचं ते ऐकत्यात बाई. समदे ऐकत्यात."

समदे ऐकत्यात, हे खरंच होतं. म्हणून तर ती आली होती.

संध्याकाळी मी ह्यांना सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा पुसला आणि म्हणाले, "माझ्यावर सोड. प्रत्येक कुलपाची किल्ली निराळी असते."

मी म्हटलं, "अहो, किल्ल्या कसल्या शोधताय? घराला आग लागलीय."

"आग लागली म्हणून दार फोडलं की घर राहतं का?" ते म्हणाले. बोलण्यात त्यांना कोण हरवणार!

पहिली किल्ली थट्टेची. भजनाच्या तालमीला तो आला आणि ढोलकीच्या दोरीला चाचपडू लागला. हे सगळ्यांसमोर म्हणाले, "काय हो, हल्ली आंधळी कोशिंबीर कुणाबरोबर खेळता?" त्याचा हात क्षणभर थांबला. मग तो मोठ्याने हसला. "तुमच्याबरुबर सायेब! पर तुमी कुटं घावताय!" आणि असा ठेका धरला की सगळे डोलायला लागले. त्याची बायको खाली मान घालून बसली होती. घरी आल्यावर हे म्हणाले, "त्याला कळलंय. आता आपणहून येईल." आठवडे गेले, तो आला नाही.

दुसरी किल्ली वस्तीची. पाऊस उघडल्यासारखा झाला तेव्हा त्याला आणि त्याच्या बायकोला घेऊन आम्ही वडगावला उतरून टाकव्याकडे गेलो. त्याचा थोरला भाऊ वस्तीवर शेती करत होता. हे घोंगडीवर बसले, भाताचं झालं, पावसाचं झालं, भाऊबंदांचं झालं, चहा झाला. आबाही येऊन बसले. मग ह्यांनी हळूच म्हाताऱ्या बैलाची गोष्ट काढली. बैलाने जन्मभर राबावं, पण नजर अधू झाली की धन्याने त्याला जू काढून सावलीत बांधावं, यात बैलाला कमीपणा नाही, अशी गोष्ट. चांगली रंगवून सांगितली. थोरला भाऊ खूप वेळ भिंतीकडे बघत राहिला. त्याला सगळं समजलं होतं, माझी खात्री आहे. शेवटी म्हणाला, "बैल चालतोय तवर चालू द्यावा, सायेब. बसला की मंग बगू." आबा म्हणाले, "देव बगंल." वस्तीवर एकदा देव बगंल म्हटलं की विषय संपला. बैल ज्याला म्हटलं होतं तो शेजारी बसून सुपारी कातरत होता. एकदाही त्याने वर पाहिलं नाही.

परतताना बांधावरून चालत होतो. आभाळ भरून आलं होतं. पुढे तो, मागे त्याची बायको, मग आम्ही. बांध जिथे फुटला होता तिथे तो सरळ पाण्यात गेला, मांडीपर्यंत. बायकोने दंड धरून ओढलं. चिखलात उभा राहून तो हसत म्हणाला, "रोपं कशी आलीत ते बगत व्हतो." हे हसले नाहीत. त्यांनी एक भजन म्हणायला सुरुवात केली आणि वडगाव येईपर्यंत आम्ही सगळे तेच म्हणत राहिलो. बोलावं लागू नये म्हणून माणसं काय काय करतात.

तिसरी किल्ली घड्याळाची. रविवारी उपासना झाल्यावर पंचांच्या खोलीत ह्यांनी त्याला एकट्याला बोलावलं. मी व्हरांड्यात गाण्याची पुस्तकं आवरत होते. खिडकीची काच फुटकी होती, त्यामुळे शब्द न् शब्द ऐकू आला. घड्याळ टेबलावर ठेवल्याचा आवाजसुद्धा ऐकू आला. ह्यांनी सांगितलं, "येत्या रविवारपर्यंत तुम्ही स्वतः मास्तरांकडे जाऊन सांगायचं. नाही तर मी सांगेन. हरकत?"

तो पहिल्यांदाच न हसता बोलला. "सायेब, ह्यो आवाज तुमी फिटर लोकांसाटी ठिवलाय. मला कशापायी?"

"मी गंमत करत नाही."

"आदी गंमत केलीत. मंग गावाला न्हेऊन बैलाची गोष्ट सांगितलीत. आता घड्याळ काडलंत. मी बी हितंच बसतो की, तुमी कुनाशी कसं बोलता ते ऐकत. मला कानानं लय कळतं, सायेब. ह्यातला तुमचा खरा आवाज कंचा, तेवडं सांगा. त्या आवाजात एकदा जा म्हना, हितनंच उटून मास्तरांकडं जातो."

मी पुस्तकं खाली ठेवली. मला वाटलं, आता म्हणा. अहो, म्हणा ना! "बाबा रे, तू मरशील, मला भीती वाटते," एवढंच म्हणायचं होतं. घरी माझ्यापाशी ते रात्र रात्र तळमळत होते, ती भीती खरी होती. पण इतकी वर्षं ज्यांनी आधी समोरचा माणूस बघितला आणि मग तोंड उघडलं, त्यांना समोरच्याने तुमचा आवाज काढा म्हटल्यावर काहीच सुचलं नाही.  मग बाक सरकल्याचा आवाज आला. तो बाहेर आला, माझ्या बाजूने जाताना थबकला आणि अंदाजाने म्हणाला, "बाई का? सलाम." पाय घासत पायऱ्या उतरून गेला.

मी आत गेले. "आता तुम्हीच मास्तरांकडे जा," म्हटलं. "आजच."

"काढून टाकतील त्याला," हे म्हणाले. "ऐन लग्नात घर जाईल. उद्या मंडळी म्हणेल, पाळकाने चहाडी केली. मग कोण मला मनातलं सांगेल?"

"मेल्यावर तो सांगणारच नाहीये," मी म्हटलं.  त्यांनी घड्याळ खिशात घातलं.

पुढचा रविवार आला आणि गेला. धुकं बसलं ते हलेचना. लोणावळ्यात राहिलेल्यालाच ते धुकं माहीत. घरात शिरतं, अंथरुणं ओली होतात, चपलांवर बुरशी धरते, आणि व्हरांड्यातून समोरचं देऊळ दिसत नाही. स्टेशनावरून नुसते आवाज यायचे, साखळ्यांचे, सांध्यांच्या खटक्यांचे, कुणीतरी कुणाला दिलेल्या हाकांचे. आवाज ऐकू येताहेत तोवर बरं वाटायचं. त्याच दिवसांत यार्डातलं एक कुत्रं विजेच्या इंजिनाखाली सापडलं. त्या कुत्र्याचा जन्म यार्डातला, धुराच्या इंजिनांच्या मधून ते उड्या मारत फिरायचं. चाळीतल्या बायका नळावर सांगत होत्या की ते साधं केकाटलंही नाही. मी घागर अर्धीच भरून घरी आले.

मग एका सकाळी त्याची बायको आली.  पदराखालून त्याचा कामावरचा सदरा काढून माझ्या हातात दिला. खांद्यापासून कोपरापर्यंत वंगणाचा काळा पट्टा उमटला होता आणि शिवण उसवली होती. काहीतरी त्याला घासून गेलं होतं. तो कामावर दुसरा सदरा घालून गेला होता. मी तो सदरा घेऊन आत गेले. हे प्रवचन लिहीत होते. त्या कागदावरच मी सदरा पसरला. ह्यांनी पट्ट्यावर बोट फिरवलं, बोट बघितलं, उठले, कोट चढवला, डोक्याला रुमाल बांधला आणि छत्री न घेताच बाहेर पडले. ते फाटकातून धुक्यात दिसेनासे झाले तेव्हा त्याच्या बायकोने हात जोडले. मला वाटलं, सुटलो आपण.

पुढचं मला ह्यांनी एकदाच सांगितलं, तेही बऱ्याच दिवसांनी.

स्टेशनमास्तर पुण्याचे होते. शिस्तीचे, सोवळ्याचे, पण ह्यांच्याशी त्यांचं चांगलं जमायचं. खिडकीत ह्यांच्यासाठी एक वेगळा कप पालथा ठेवलेला असे. तो वेगळा आहे हे ह्यांना माहीत होतं, पण एका मास्तरांनी पाळकाला आपल्या खोलीत बसवून चहा द्यावा, याचंच त्यांना अप्रूप होतं. मास्तरांशी बोलायचीही एक रीत ह्यांनी बसवली होती. कामाचं एकदम काढलेलं मास्तरांना खपत नसे. आधी हवापाणी, मग मास्तरांच्या मुलाची मॅट्रिक, मग चहा, आणि चहा झाल्यावर मास्तरांनीच विचारायचं, आज इकडे कुठे? त्या रीतीने ह्यांनी मंडळीतल्या माणसांची कितीतरी कामं करून घेतली होती. कुणाची बदली थांबवली, कुणाला रजा मिळवून दिली.

त्या सकाळी हे आत शिरले तेव्हा मास्तरांनी हात वर करून म्हटलं, "या, पाळकसाहेब. काय हो हे धुकं!" आणि ह्यांनी म्हटलं, "यंदा फारच."

बसले. मुलाच्या मॅट्रिकचं झालं. मास्तरांनी चहा आणायला पोऱ्याला पाठवलं. खिडकीबाहेर पांढरं होतं, त्यातून सांध्याचा खटका ऐकू आला. हे म्हणाले, तो खटका ऐकून मला बरं वाटलं, म्हटलं तो आहे, अजून वेळ आहे. चहा यायला उशीर होत होता. मास्तर नव्या तारांबद्दल बोलायला लागले, पावसात त्यांच्यावर कशा ठिणग्या उडतात ते. ह्यांनी मान डोलावली. गरिबाच्या पोटाचा प्रश्न होता, मास्तरांचा मूड जाऊ नये, ते त्याला काढून न टाकता गेटावर घेतील अशा बेताने गोष्ट मांडायची होती. वाक्य त्यांनी मनात जुळवलं होतं. चहा आला, की मास्तर विचारतील, की बोलायचं.

चहा आला नाही. बाहेर कुणीतरी ओरडलं. मग पुष्कळ जण ओरडले.

शेगडीवर कपडे वाळवत असताना मी ते ओरडणं घरातून ऐकलं. त्याची बायको माझ्यासमोर पाटावर बसली होती. तिने माझ्या तोंडाकडे बघितलं आणि उठली. मी तिला धरू शकले नाही.

दुसऱ्या दिवशी त्याला पुरलं. रेल्वेतले सगळे आले होते आणि टाकव्याकडची सगळी वस्ती आली होती, आबांना दोघांनी धरून आणलं होतं. एवढी माणसं एकत्र मी आमच्या मंडळीत कधी पाहिली नव्हती. एका अंगाला रेल्वेवाले, एका अंगाला गावाकडचे, मध्ये खड्डा. पाळक आता काय बोलतात म्हणून सगळे वाट बघत राहिले. हे पुस्तक उघडून उभे राहिले, एकदा इकडे बघितलं, एकदा तिकडे बघितलं. मग फक्त शास्त्रातला उतारा वाचला आणि पुस्तक मिटलं. प्रवचन झालंच नाही. लोकांना ते बरं दिसलं नाही, परतताना तसं बोललेही. थोरल्या भावाने जाताना ह्यांना सलाम केला नाही.

क्वार्टर रिकामं करायची वेळ आली तेव्हा ती लेकीला घेऊन आमच्याकडे आली. लेकीचं लग्न वस्तीवरूनच करायचं ठरलं होतं. सामान थोरल्या दिराबरोबर पुढे गेलं होतं, तिच्या हातात एक गाठोडं होतं. मी तिला आत घेतलं, जेवायला बस म्हटलं, ती नको म्हणाली. हे बाहेरच्या खोलीत होते. ती दारात उभी राहिली आणि सरळ ह्यांच्याकडे बघून म्हणाली, "सायेब, त्या दिशी सकाळच्याला तुमी टेशनात व्हता म्हनं."

"होतो," हे म्हणाले.

"कवा गेलता? आदी का मागनं?"

"आधी. माझ्यासमोरच झालं म्हणा. मी मास्तरांच्या खोलीत होतो."

 लेक तिच्या पदराला धरून उभी होती.  मला वाटलं, आता हे कुठला तरी आवाज काढतील, विधवेशी बोलायचा, देवाच्या इच्छेचा, आणि ही बाई तो ऐकून घेईल. तेवढं तरी होऊ नये असं मला वाटत होतं.

"कशाला गेलता?" तिने विचारलं.

"तुमच्या मालकांना दिसत नाही, हे मास्तरांना सांगायला."

"मंग सांगितलंत?"

"नाही."

"का वं?"

हे नुसतं बोलले. इतक्या वर्षांत मी त्यांना तसं बोलताना ऐकलं नव्हतं. खाली बघितलं नाही, वर बघितलं नाही, तिच्याकडे बघितलं.

"चहा यायचा होता," ते म्हणाले.

तिने ते ऐकून घेतलं. मग गाठोडं काखेत मारलं, लेकीला म्हणाली, "चल, गाडी चुकंल," आणि पायऱ्या उतरून गेली.